मांजराचं घर मोजावं ते भिंतीवर

नर्मदेच्या काठावरचं, अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झालं ते सरदार सरोवरामुळे. धरणाचं पाणी राज्यात सर्वांत आधी ज्या गावाच्या उंबऱ्याशी आलं ते हेच. मोठ्या धरणांना जागतिक बँकेनं पैसा पुरवू नये, असं सांगणारा १९९४ सालचा जगभरच्या संघटनांचा जाहीरनामाही याच गावाच्या नावानं ओळखला जातो. धरणाविरुद्धच्या लढ्याचा इतिहास मोठा आहे. इथे मात्र सातपुड्याच्या या पट्ट्यातल्या जुन्या धाटणीच्या घराकडे एका वेगळ्या कारणासाठी पाहायचं आहे. सागाचे खांब, चिरलेल्या बांबूच्या, शेणमातीनं लिंपलेल्या कुडाच्या भिंती, वर कौलं. एकाच छपराखाली माणसं आणि गुरं. कोपऱ्यात धान्याच्या कणग्या, आढ्याला टांगलेली मक्याची कणसं, माळ्यावर वर्षभराची साठवण. अशा घरात मांजर असतं ते उंदरांचा बंदोबस्त करायला, आणि त्याला हालचाल कशी घडवावी हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. ते खांबावर नखं ओढतं, तुळईवरून चालतं, कणगीच्या आडोशाला दबा धरून बसतं आणि काम झालं की चुलीच्या उबेला येऊन पडतं.

आता मुंबईतलं घर घेऊ. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली सदनिका सध्या ३०० चौरस फुटांची असते. बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची होती आणि वरळीत त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधली नवी घरं ५०० चौरस फुटांची आहेत. माणसाच्या हिशेबानं ही जागा तिप्पट झाली. चाळीत वाढलेल्या मांजराचा हिशेब वेगळा पडतो. चाळीच्या खोलीला बहुधा पोटमाळा असायचा, दाराबाहेर सगळ्या मजल्याची सामाईक गॅलरी, जिन्याखाली अंधार, शेजारच्या चार घरांतली माणसं आणि वास. नव्या घरात गुळगुळीत टाइल्स, सरकत्या काचा आणि कायम बंद असलेलं सेफ्टी डोअर. जमीन वाढली, पण चढायला, लपायला, टेहळायला काही उरलं नाही.

म्हणून छोट्या घरात मांजर पाळणाऱ्यांनी चौरस फुटांची खंत आधी सोडावी. मांजराला जागेपेक्षा कामाची वाण जास्त जाणवते.

हे काम कोणतं, ते त्याच्या वंशावळीत दिसतं. जगभरच्या जवळपास हजार मांजरांच्या डीएनएचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यातून घरगुती मांजराचा पूर्वज पश्चिम आशियातलं रानमांजर असल्याचं स्पष्ट झालं. तिथल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे मांजर. ते एकट्यानं शिकार करणारं, लहान सावजावर जगणारं जनावर. एक उंदीर म्हणजे चार घास, म्हणून त्याला दिवसरात्रीत अनेकदा शिकारीला निघावं लागतं, आणि बऱ्याचदा हात हलवत परतावंही लागतं. आजचं घरातलं मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं, त्यात आळस काही नाही. प्रश्न उरलेल्या तासांचा आहे. ते तास रिकामे गेले की मांजर एक तर सोफा फाडतं, पहाटे चारला घरभर धावतं, येताजाता पायांना चावतं, नाहीतर नुसतं खातं आणि फुगतं.

यावरचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे रोज ठरवून खेळणं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी बाहेर फिरणाऱ्या, शिकारीची सवय असलेल्या मांजरांवर केलेलं काम २०२१ साली प्रसिद्ध झालं. मालकांनी रोज फक्त पाच ते दहा मिनिटं शिकारीसारखा खेळ घेतला, तर मांजरांनी घरी आणलेल्या सावजांची संख्या २५ टक्क्यांनी घटली. भरपूर मांस असलेलं, धान्यविरहित खाणं दिलं तेव्हा ती ३६ टक्क्यांनी घटली. म्हणजे दिवाणखान्यातल्या दहा मिनिटांनी मांजराची शिकारीची भूक खरोखर काही प्रमाणात भागते. नोकरी करणाऱ्या घरालाही एवढा वेळ काढता येतो.

मात्र खेळ कसा घ्यावा, याला महत्त्व आहे. खेळणं मांजराच्या तोंडासमोर नाचवणं ही नेहमीची चूक. कुठलाही उंदीर मांजराच्या नाकाशी येऊन उड्या मारत नाही. नारळाच्या झाडूचा एक लांब हीर घ्यावा, त्याच्या टोकाला कापडाची चिंधी किंवा पीस घट्ट बांधावं आणि ते मांजरापासून दूर, जमिनीलगत, हळूहळू पलंगाच्या पायामागे सरकवावं. थांबावं. पुन्हा टोक जेमतेम दिसेल एवढंच हलवावं. मग पाहावं: कान पुढे येतात, बुबुळं मोठी होतात, पोट जमिनीला टेकतं, मागचा भाग डावी-उजवीकडे हलकेच डोलतो आणि झेप पडते. ही झेप कधी चुकू द्यावी, कधी साधू द्यावी. पकडलेली चिंधी चार क्षण तोंडात राहू द्यावी, मागच्या पायांनी ती लाथाडू द्यावी. काही मांजरं जमिनीवरच्या सावजावर खूश असतात, काहींना हवेत उडणारं हवं असतं, हे दोन-तीन दिवसांत कळतं. शेवटी वेग कमी करत आणावा आणि लगेच खायला द्यावं. दबा, पाठलाग, झडप, घास आणि मग अंग चाटून झोप, असा हा क्रम आहे. तो पूर्ण झाला की मांजर शांत होतं.

लेझरच्या लाल ठिपक्यावर मांजर वेड्यासारखं धावतं, पण त्याच्या पंजात कधीच काही येत नाही. काही मांजरं त्यापायी बेचैन होतात, भिंतीवरच्या कवडशांचा आणि सावल्यांचा माग काढत बसतात. वापरायचाच असेल तर ठिपका शेवटी खाऊच्या तुकड्यावर आणून थांबवावा, आणि डोळ्यांत प्रकाश जाऊ देऊ नये. हाताची बोटं हलवून पिल्लाला खेळवण्याची सवय तर लावूच नये. महिन्याभराच्या पिल्लाचा चावा गोड वाटतो, वर्षाच्या बोक्याचा वाटत नाही.

खेळणी विकत आणायची गरज फारशी नसते. पुठ्ठ्याचा खोका, बंद काढून टाकलेली कागदी पिशवी, कागदाचा चुरगळलेला बोळा, बाटलीचं मोठं झाकण एवढ्यावर काम भागतं. पण सगळी खेळणी कायम जमिनीवर पडलेली नसावीत. तीन-चार बाहेर ठेवावीत, बाकीची कपाटात, आणि दर काही दिवसांनी अदलाबदल करावी. जुना बोळा आठवड्यानं पुन्हा दिसला की तो नवा होतो.

दुसरं काम म्हणजे खाणं मिळवण्याचं. भरलेली ताटली दिवसभर समोर असली की मांजराचा तोही उद्योग संपतो. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे हे यासाठी उत्तम साधन आहे: स्वच्छ, कोरडा ट्रे घ्यावा, त्यातल्या सात-आठ खळग्यांत कोरड्या खाण्याचे दोन-दोन दाणे टाकावेत, काही खळग्यांवर कागदाचे बोळे ठेवावेत. मांजर पंजानं बोळा काढतं, दाणा उकरतं, पुढच्या खळग्याकडे वळतं. हे जमलं की खाणं घरात तीन-चार ठिकाणी, त्यातलं एखादं उंचावर, थोडं थोडं ठेवावं. ‘शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं’ या म्हणीतला बोका निदान शिंक्याखाली ताटकळत तरी होता. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. आयतं आणि कष्टाचं असं दोन्ही समोर असलं तर बहुतेक मांजरं आयतंच निवडतात, असं कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना आढळलं आहे. त्यामुळे मांजर ट्रेकडे पाहतच नाही म्हणून त्याला उपाशी ठेवून शिकवायला जाऊ नये. सुरुवातीला अगदी सोपं ठेवावं आणि रोजच्या खाण्यातला थोडाच भाग असा द्यावा.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर दूध-पोळीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आपल्याकडे मांजराचं जेवण म्हणजे दूध-पोळी हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. जुन्या घरात ते खपून जायचं, कारण उरलेलं पोट मांजर उंदरांवर भरत असे. बंद घरातल्या मांजराला तो पर्याय नाही. मांजर हे पूर्णपणे मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच पुरेसा मिळतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हृदयाचा हा संबंध १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झाल्यावर तिथल्या कंपन्यांनी मांजरांच्या तयार खाण्यातलं टॉरिन वाढवलं. मोठ्या मांजराला दूध नीट पचतही नाही, बऱ्याच जणांना जुलाब होतात. दूध-पोळीवरचं मांजर मरगळलेलं दिसत असेल, तर त्याला खेळवण्याआधी त्याचं खाणं बदलावं. हा बदल आठवडा-दहा दिवसांत, थोडा थोडा करावा.

आता उंची. घरातलं लोखंडी कपाट हा मांजराचा हक्काचा माळा होऊ शकतो. बहुतेक घरांत त्यावर बॅगा ठासलेल्या असतात. त्यातली एक बॅग उतरवावी आणि तिथे गोणपाट अंथरावं. वर जायला मध्ये एखादं स्टूल, टेबल किंवा भिंतीवर एक-दोन फळ्या असाव्यात. फळी साधारण फूटभर रुंद, दोन फळ्यांमधलं अंतर दीड फुटाच्या आसपास, आणि पकड मजबूत असावी. एकदा फळी डगमगली की मांजर तिच्यावर पुन्हा विश्वास टाकत नाही. फळीवर काथ्या किंवा गोणपाट चिकटवलं की पाय घसरत नाही. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल तर जड, न हलणारं पुस्तकांचं कपाट हेच काम करतं. त्याचा एक वरचा कप्पा रिकामा सोडावा. वरून सगळ्या घरावर नजर ठेवता येते आणि पाहुण्यांची मुलं तिथवर पोचत नाहीत, या दोन गोष्टी मांजराला फार मोलाच्या असतात.

सागाच्या खांबाची जागा काथ्यानं भरून काढता येते. नखं ओढणं हा व्यायामही आहे: पाठ, खांदे, पुढचे पाय असं सगळं अंग त्यात ताणलं जातं, नखाची जुनी टरफलं निघतात आणि पंजातल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो. टेबलाच्या एका पायाला काथ्याची दोरी घट्ट, जवळजवळ गुंडाळावी, किंवा काथ्याचं पायपुसणं जाड लाकडी फळीवर ठोकून ती फळी उभी पक्की करावी. उंची मांजराला मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणता येईल एवढी, म्हणजे अडीच ते तीन फूट असावी. ही जागा कोपऱ्यात लपवू नये. मांजर झोपून उठतं तिथे किंवा ज्या सोफ्यावर त्याचा डोळा आहे त्याच्या शेजारीच ती हवी.

खिडकी हा मांजराचा दिवसभराचा विरंगुळा. समोरचं झाड, कबुतरं, चिमण्या, गल्लीतली ये-जा पाहण्यात त्याचे तास जातात. मात्र उंच इमारतीतून मांजर पडणं ही नित्याची गोष्ट आहे. पशुवैद्यकात तिला स्वतंत्र नावही आहे. मांजर चार पायांवर पडतं म्हणून त्याला काही होत नाही, हा समज घातक आहे. जबडा, छाती, पाय मोडतात आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीव जातो. मुंबई-पुण्यात लावतात ती कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी मांजर चावून किंवा नखांनी सैल करू शकतं. तिच्या कडा दर महिन्याला हातानं ओढून तपासाव्यात. जमल्यास लोखंडी ग्रिलला आतून बारीक वेल्डेड जाळी बसवावी. अशी बंदोबस्त केलेली खिडकी आणि तिच्याखाली एक रुंद फळी, एवढं असलं तरी एका खोलीच्या घराचा नूर पालटतो.

नाकालाही काम हवं. परदेशी पुस्तकांत मांजरांसाठी कॅटनिप या वनस्पतीची शिफारस असते, आणि साधारण तीनपैकी दोन मांजरांवर तिचा परिणाम होतो. आपल्याकडे तिच्यासाठी बाजारात जायलाच हवं असं नाही. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला, कुंडीत, पडक्या भिंतीशी खोकली नावाचं तण उगवतं, गुडघाभर उंचीचं, तुऱ्यावर हिरव्या वाटीसारखी पानोळी असलेलं. त्याचं मूळ उपटलं की कित्येक मांजरं त्याच्या वासानं लोळण घेतात, गाल घासतात. फवारणी झालेल्या किंवा रस्त्याकडेच्या जागेतलं मूळ घेऊ नये. ते धुऊन जुन्या मोज्यात गाठ मारून फक्त हुंगायला द्यावं आणि दहा मिनिटांनी काढून घ्यावं. खायला देऊ नये. घटस्थापनेला पेरतात तसे गहू एका कुंडीत पेरले की हिरवे कोंब मांजर आवडीनं कुरतडतं. गावाहून आलेली पिशवी, बाजारातून आलेला खोका दाराशी तासभर राहू द्यावा. बाहेरच्या जगाची बातमी त्याला तिथून मिळते.

घरातल्या काही गोष्टी मात्र कटाक्षानं दूर ठेवायच्या. दोरा, लोकर, रबरबँड, सजावटीची झिरमिळी, आणि संक्रांतीच्या सुमारास मांजा. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं त्याला अवघड जातं. तो आतड्यात अडकला की शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नये, थेट डॉक्टरांकडे जावं. म्हणूनच हिराला बांधलेलं खेळणंही खेळ संपला की कपाटात गेलं पाहिजे. फरशी पुसायचं फिनेल मांजराच्या यकृताला झेपत नाही, आणि ओल्या फरशीवर चालून पंजे चाटले की ते पोटात जातं. डांबरगोळ्या, पॅरासिटामॉलची गोळी, पुष्पगुच्छातल्या लिलीची पानं-फुलं-पराग यांतलं काहीही प्राणघातक ठरू शकतं.

वेळ कोणती निवडावी? मांजर उत्साहात असतं ते झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला. मे महिन्यात दुपारी त्याला उठवण्यात अर्थ नसतो. पहाटे चारला उठवणाऱ्या मांजरासाठी रात्री झोपण्याआधी खेळ, त्यामागून दिवसाचं शेवटचं खाणं आणि मग दिवे बंद, हा क्रम नेटानं पाळावा. पहाटे ते ओरडलं आणि कुणी उठून ताटली भरली, तर दुसऱ्या दिवशी ते साडेतीनला ओरडेल. दोन-तीन आठवडे घरातल्या सगळ्यांनी एकमतानं दुर्लक्ष करावं लागतं. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही या कटात सामील करून घ्यावं, कारण कळवळ्यानं उठून दूध ओतणारं माणूस बहुधा तेच असतं.

एकटं पडतं म्हणून दुसरं मांजर आणावं का, असं पुष्कळजण विचारतात. एकत्र वाढलेली दोन भावंडं सुरुवातीलाच आणली तर ती एकमेकांना दमवतात, आणि ते चांगलंच. पण तीन-चार वर्षं एकट्यानं राहिलेल्या मांजराच्या छोट्या घरात अनोळखी मांजर आणणं हा आळसावरचा उपाय नव्हे. खाणं, पाणी, वाळूचा ट्रे, उंच जागा असं सगळं वेगवेगळ्या ठिकाणी दुप्पट करता येत नसेल तर दोघंही कोंडमाऱ्यात राहतात.

सगळं करूनही मांजर हलत नसेल तर आधी तब्येतीची शंका घ्यावी. मांजर दुखणं लपवतं. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासणारा अमेरिकेतला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात नव्वद मांजरांच्या सांध्यांची झीज दिसली होती. ‘म्हातारं झालंय, आता झोपतं’ असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्याचे गुडघे, कोपरं, पाठ दुखत असते. अशा मांजरासाठी कपाटाकडे जाणाऱ्या पायऱ्या जवळजवळ लावाव्यात, वाळूच्या ट्रेची एक बाजू कापून बुटकी करावी, आणि झेपेचा खेळ सोडून जमिनीवरचा संथ खेळ घ्यावा. पशुवैद्यांकडून औषध घ्यावं, माणसाची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नये. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. बसून राहणाऱ्या, स्थूल बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबण्याचा धोका जास्त असतो आणि त्यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

खेळ आणि खाणं जमतंय की नाही, हे वजनावरून कळतं. आधी आपण एकट्यानं काट्यावर उभं राहावं, मग मांजराला घेऊन, आणि वजाबाकी करावी. महिन्यातून एकदा हा आकडा कॅलेंडरवर लिहावा. चार किलोच्या मांजराचं वजन चारशे ग्रॅम वाढलं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं सात किलो वाढल्यासारखं झालं. फासळ्यांवरून हात फिरवल्यावर त्या सहज लागायला हव्यात आणि वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी. वजन उतरवायचं असेल तर खाणं एकदम तोडू नये. स्थूल मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी त्याच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे पाच किलोच्या मांजराचे पन्नास ग्रॅम, एवढ्या संथ गतीनंच ते उतरू द्यावं आणि खाण्याचं माप पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावं.